कार्डाची मागची बाजू

आळेफाट्यावर छपाईचं दुकान चालवणाऱ्याला महिने ऑर्डरींवरून कळतात. तुळशीचं लग्न उरकलं की लग्नपत्रिका, चैत्र लागला की जत्रांचे फ्लेक्स, जूनमध्ये शाळा आणि क्लासची माहितीपत्रकं, गणपतीच्या आधी पावतीपुस्तकं. वाढदिवस आणि दशक्रियाविधी बारमाही. माझं घर बोरी बुद्रुकला, दुकान फाट्यावर. या सगळ्याच्या अधूनमधून मी एक असं काम करतो, ज्याचा दर दुकानातल्या फळ्यावर लिहिलेला नाही. ज्यांनी खेळावर पोट भरलं, पण ज्यांचं कार्ड कधी कुणी छापलं नाही, अशा खेळाडूंची कार्डं मी बनवतो.

कार्ड म्हणजे व्हिजिटिंग कार्ड नव्हे. अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची कामगिरी. ही रीत सिगारेटच्या पाकिटातून आली. पाकीट चेपू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालायचे, त्यावर पुढे चित्रं छापायला लागले. इंग्लंडच्या विल्स कंपनीने १८९६ साली पन्नास क्रिकेटपटूंचा संच काढला. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या अशाच एका संचातलं होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं कार्ड २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं. पुढे सिगारेटची जागा च्युइंगमने घेतली आणि कार्डं मोठ्यांच्या खिशातून पोरांच्या खिशात आली.

आमच्या पिढीच्या खिशातही ती होती. ‘बिग फन’ च्युइंगमबरोबर क्रिकेटपटू मिळायचे. नंतर डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं आली आणि मधली सुट्टी त्यांनीच खाल्ली. उंची, वजन, छाती, दंड, लढती किती, जिंकल्या किती, सगळं कार्डावर. अंडरटेकरचं वजन आम्हाला पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं. जत्रेच्या फडात शेवटची कुस्ती धरणारे पैलवान आमच्याच आळीत राहायचे, रोज सकाळी म्हशी घेऊन आमच्याच दारावरून जायचे. ते किती किलोचे, कुणाकुणाशी लढले, किती हरले, हे आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं.

अमेरिकेत काही हौशी लोक आहेत. ज्या खेळाडूच्या वाट्याला वरच्या दर्जाचे एक-दोनच सामने आले आणि म्हणून कंपनीने ज्याचं कार्ड काढलं नाही, त्याचं कार्ड हे लोक घरी तयार करतात, तेही त्या काळच्या संचाच्या धाटणीत. मला हे समजलं तेव्हा पहिल्यांदा हसू आलं. तिकडे एक सामना खेळलेल्या माणसाचीही कुणाला चुटपुट लागते. इकडे आयुष्यभर खेळलेल्या माणसाच्या घरात एक कळकट ढाल आणि एक ग्रुप फोटो असतो.

माझी सुरुवात अशाच एका ग्रुप फोटोने झाली. जवळच्या गावातला एक मुलगा वडिलांच्या पंच्याहत्तरीचा फ्लेक्स करायला आला होता. वडील मुंबईत एका कंपनीकडून कबड्डी खेळायचे. आमच्या जुन्नर-आंबेगावातून माणसं मुंबईला माथाडीत गेली, भाजीबाजारात गेली, डबेवाले झाली, तशी काही कबड्डीच्या जोरावरही गेली. महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, मुंबई पोर्ट ट्रस्ट, मध्य रेल्वे यांचे संघ असायचे. चढाई चांगली असली की नोकरी लागायची. हजेरी हेल्परची किंवा कारकुनाची, खरं काम संध्याकाळी मैदानावर. लिलाव, करार हे शब्द तेव्हा कबड्डीत नव्हते, पण पगार खेळाचा होता. मी यांना व्यावसायिक खेळाडू म्हणतो. जत्रेच्या इनामावर घर चालवणारा पैलवानही माझ्या हिशेबात त्यातच येतो.

फ्लेक्स करून दिलाच. दहा बाय सहा, वर फुलांची कमान, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. पण त्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभे असलेले काका, बनियनवर कंपनीचं नाव, हाताची घडी, हे माझ्या डोक्यातून जाईना. उरलेल्या कागदावर एक कार्ड काढलं आणि फ्लेक्सबरोबर पाकिटात घालून दिलं. आठ दिवसांनी फ्लेक्स वाऱ्याने फाटला आणि कुणाच्या तरी गोठ्यावर गेला. कार्ड काकांच्या पाकिटात राहिलं. ते बघून त्यांच्या संघातले आणखी दोघं आले. मग पैलवान येऊ लागले, खो-खोवाल्या मावश्या येऊ लागल्या.

कामाचं थोडं सांगतो, कारण बघणाऱ्याला वाटतं की फोटो टाकला, प्रिंट काढली, झालं. फोटो येतो तो पोस्टकार्डाएवढा, त्यात बारा खेळाडू, दोन पंच, अध्यक्ष, आणि मध्ये मोठी ढाल. आपल्याला हवा तो चेहरा त्यात हरभऱ्याएवढा. तो बाराशे डीपीआयवर स्कॅन करायचा. बुरशीचे डाग, घडीची रेघ, कपाळावर आलेला स्टुडिओचा शिक्का हे सगळं हाताने काढायचं. हल्ली एका बटणात चेहरा स्वच्छ करून देणारी सॉफ्टवेअर आली आहेत. एका दिवंगत पैलवानाचा फोटो मुलाने तसा करून आणला. कातडी गुळगुळीत, दात पांढरेशुभ्र, डोळ्यांत चमक. घरच्या आजींनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, “हे आमचं माणूस न्हवं.” पैलवानाचा मोडलेला कान त्या सॉफ्टवेअरने सरळ करून टाकला होता. मी मूळ फोटोवर परत आलो. चेहरा धुरकट राहिला तरी चालेल, कान मोडलेलाच पाहिजे.

तेरा-एकोणीसच्या शीटवर कापायची जागा सोडून अशी अठरा कार्डं बसतात. कागद तीनशे जीएसएमचा आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन; ग्लॉसी केलं तर ट्यूबलाइटखाली चेहराच दिसत नाही. पुढची आणि मागची बाजू मशीनवर मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकते, म्हणून चौकट कडेला घ्यायची नाही. खरी गंमत मागच्या मजकुराची. इंग्रजी अक्षर बारीक केलं तरी वाचता येतं. आपलं देवनागरी सहा पॉइंटच्या खाली गेलं की जोडाक्षरं भरून येतात, ‘राष्ट्रीय’मधला ‘ष्ट्र’ म्हणजे काळा ठिपका होतो. त्यामुळे मागे सात-आठ ओळींपेक्षा जास्त मावत नाही. आयुष्यभराचा खेळ आणि ओळी आठ. काय ठेवायचं, काय गाळायचं, इथेच माणूस अडतो.

आणि अडायला आधी मजकूर तर हवा. पुढच्या बाजूला मेहनत लागते, मागच्या बाजूला माहिती लागते, आणि आपल्याकडे नेमकी तीच नसते. त्या कबड्डीवाल्या काकांशी झालेलं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

“काका, कंपनीकडून किती वर्षं खेळलात?”

“नाव टीममध्ये रिटायर होईपर्यंत होतं. खेळलो म्हणशील तर गुडघा जाईपर्यंत.”

“एकूण पकडी किती झाल्या असतील?”

“मोजायच्या कुणी? पकड झाली, माणूस भायेर गेला, विषय संपला.”

काकांना सगळं आठवत होतं. कुठल्या मैदानावर कुठल्या बाजूला उतार होता, समोरचा चढाईपटू बोनसला डावा पाय कसा टाकायचा, साखळी करताना हात कुणाचा सुटला. आठवत नव्हतं ते साल, गुण आणि निकाल. आज प्रो कबड्डी बघणारं चौथीतलं पोरगंही चढाईचे गुण, पकडीचे गुण, सुपर टॅकल वेगवेगळे सांगतं. ही मोजणी घराघरात पोचली ती २०१४च्या जुलैमध्ये लीग सुरू झाल्यावर. त्याआधीची कबड्डी लोकांनी डोळ्यांनी पाहिली आणि तोंडाने सांगितली. १९९०च्या बीजिंग आशियाई खेळांत भारताने सुवर्ण जिंकलं, त्या संघात अशोक शिंदे होते, राजू भावसार होते. संघाचा निकाल इतिहासात आहे. त्यांच्या एकेका चढाईचा हिशेब मला मांडायचा म्हटलं तर मी तो कुठून आणू?

खो-खोची गोष्ट वेगळी. या बाबतीत खो-खोवाल्यांना मी सगळ्यांत पुढे मानतो. त्यांचा गुणलेखक प्रत्येक खेळाडू किती मिनिटं, किती सेकंद पळाला आणि त्याने किती गडी मारले हे लिहितो, आणि वर्तमानपत्रंही ते तसंच छापत आली. एका मावशींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कात्रण काढून दिलं. कागद पिवळा पडलेला, सालाचा आकडा फाटलेला, पण कंसात मजकूर शाबूत: १.५० मि. संरक्षण व ३ गडी. कार्डाच्या मागे तेवढं टाकलं तरी खेळ समजणाऱ्याला मावशी डोळ्यांपुढे पळताना दिसतात.

या मावशींच्या कार्डाला नावावरून उशीर झाला. प्रमाणपत्रं सगळी माहेरच्या नावाची. खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली तीही माहेरच्या नावावर. लग्न झालं, नाव बदललं, आणि गावात त्या अमक्याच्या सूनबाई झाल्या. सासरी पुतण्यांना काकू खो-खो खेळायच्या एवढंच ठाऊक. राज्याच्या संघातून खेळल्या हे ती पिशवी उघडल्यावर कळलं. मी विचारलं, कार्डावर कोणतं नाव टाकू? मुलगा म्हणाला, आत्ताचं टाका, लोक त्याच नावाने ओळखतात. मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पळाली ती जुन्या नावाची पोरगी. तिचंच टाक.” पुढच्या बाजूला माहेरचं नाव गेलं, मागे शेवटच्या ओळीत सासरचं. तेव्हापासून बायकांच्या कार्डांचा हाच शिरस्ता ठेवला आहे. जुन्या प्रमाणपत्रांशी आणि कात्रणांशी नाव जुळलं नाही तर पुढे शोधणाऱ्याला हा खेळाडू सापडायचाच नाही.

कुस्तीत अडचण तिसरीच. नोंद नसते आणि आकडे मात्र मोठमोठे असतात. ‘पाचशे कुस्त्या मारल्या, एकही हरला नाही’ असं प्रत्येक तालमीत एकाबद्दल तरी सांगतात. मी एक नियम करून घेतला आहे. कागद असेल, नाहीतर वेगवेगळ्या गावांतली दोन माणसं एकमेकांना न विचारता तेच सांगत असतील, तर आकडा छापायचा. नसेल तर आकडा नाही. त्याऐवजी डाव लिहायचा: घिस्सा चांगला, एकलंगीवर हुकमत, ढाक मारायचे. डावाबद्दल माणसं खोटं सांगत नाहीत, कारण तिथे लगेच दुसरा जुना पैलवान उठून हरकत घेतो.

यावरून एका घरी वाद झाला. वडील नामांकित मल्ल, घर खाऊनपिऊन सुखी. कागदपत्रं तपासताना मला त्यांच्या दोन हारी सापडल्या, दोन्ही चांगल्या जोडीशी. मी त्या मागच्या बाजूला घातल्या. थोरला मुलगा तापला.

“हार कशाला छापता? पैसे आम्ही देणार ना?”

“दादा, नुसतं जिंकलेलंच पाहिजे असेल तर फ्लेक्स करू. मोठा होईल, लांबून दिसेल.”

मग मी त्याच्यापुढे खाशाबा जाधवांचं कार्ड ठेवलं. हे मी कुणाच्या सांगण्यावरून केलेलं नाही, नमुना म्हणून केलं होतं. १९५२चं हेलसिंकी, फ्रीस्टाइल, ५७ किलो गट. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांवर विजय. जपानच्या शोहाची इशीकडून आणि सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवकडून हार. कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि त्याच्या कार्डावर दोन हारी. इशीला त्या वर्षी सुवर्ण मिळालं, ममदबेयोवला रौप्य. म्हणजे गोळेश्वरचा हा माणूस हरला तो फक्त जगातल्या पहिल्या दोघांकडून. हार छापली नसती तर ही गोष्ट कळलीच नसती. मुलगा गप्प झाला. कार्ड दोन हारींसकट छापलं.

खाशाबांच्या शेजारी मी आणखी एक कार्ड ठेवतो आणि दुकानात येणाऱ्याला विचारतो, हे कोण? आजवर क्वचितच कुणी उत्तर दिलं. त्याच हेलसिंकीत, ६२ किलो गटात, के. डी. माणगावे चौथे आले. एका जागेने पदक हुकलं. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्याचा क्रीडा दिन म्हणून साजरा होतो, आणि तो झालाच पाहिजे. पण एकाच खेळात, एकाच ऑलिंपिकला आपल्याच राज्यातला दुसरा एक मल्ल चौथा आला, हे आपण अगदीच विसरलो.

त्याच्याही मागे जाता येतं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला खेळाडू पाठवायचं मनावर घेतलं. त्यातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. क्रिकेटमध्ये पळवणकर बाळू. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर चार रुपये महिन्याने खेळपट्टी राखणारा आणि साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकणारा हा माणूस १९११च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेऊन आला. जातीमुळे हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं १९२३ साली. ही कार्डं करायला मला अडचण आली नाही. ऑलिंपिकवाल्यांनी आणि क्रिकेटवाल्यांनी आकडे लिहून ठेवले होते. शंभर वर्षांपूर्वीच्या बाळूंचे बळी सापडतात आणि माझ्या दुकानात चहा पिणाऱ्या काकांच्या पकडी सापडत नाहीत.

अलीकडच्या लीगमधली माणसंही याच वाटेने जातील अशी मला धास्ती असते. २०१६ला प्रो कबड्डीबरोबर महिलांची छोटी स्पर्धा झाली. तीन संघ, आणि कर्णधार होत्या अभिलाषा म्हात्रे, तेजस्विनी बाई, ममता पुजारी. अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला २४-२३ असं एका गुणाने हरवलं. त्यानंतर ती स्पर्धा झालीच नाही. कर्णधार लोकांच्या लक्षात राहिल्या. बाकीच्या मुलींनी टीव्हीवर, प्रकाशझोतात, मानधन घेऊन व्यावसायिक कबड्डी खेळली ती तेवढीच. २०१२च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि शेर-ए-पंजाबकडून ५-२ने हरले. ती लीगही एकाच हंगामाची. त्या संघातली चार नावं सांगा म्हटलं तर हॉकीवेडाही डोकं खाजवतो. २०२२ला बालेवाडीत अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम झाला, ओडिशाने तेलुगू योद्धाजला ४६-४५ असं हरवलं. त्या लीगच्या संघांत महाराष्ट्राची कितीतरी पोरं होती. या सगळ्यांचे आकडे आज कुठे ना कुठे आहेत. लीग बंद पडली की तिची वेबसाइट बंद होते, मग ते शोधायचे कुठे? म्हणून या खेळाडूंची कार्डं मी आत्ताच करून ठेवतो. जिवंत माणसाचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय छापत नाही, लीगची बोधचिन्हं वापरत नाही आणि नामवंत खेळाडूंची कार्डं विकत नाही. पैसे घेतो ते घरच्यांनी करून मागितलेल्या कार्डांचे, तेही कागद, लॅमिनेशन आणि कटिंग निघेल एवढेच.

आमच्या भागात राहून खेळाडूंबद्दल बोलायचं आणि बैलांचं नाव काढायचं नाही, हे शक्य नाही. कार्डांची बातमी पसरली तसे बैलगाडामालक येऊ लागले. “आमच्या बैलाचं करा की.” मी आधी टाळलं. मग एका मालकाने वही काढून दाखवली आणि मी गार झालो. घाट कुठला, तारीख, बारी कितवी, जुपणीला जोडीदार कोण, पुढे घोडी कुणाची, वेळ किती, सेकंदाच्या पुढचे आकडेसुद्धा. फायनलला कितवा आला, घाटाचा राजा कधी झाला, बक्षीस काय मिळालं. सुप्रीम कोर्टाने २०१४ला शर्यती बंद केल्या, त्यापुढे डिसेंबर २०२१ला परवानगी मिळेपर्यंत पानं कोरी. त्यावर त्याने एवढंच लिहिलं होतं: ‘बंदी’. मागची बाजू भरताना मला एक प्रश्न विचारावा लागला नाही. माझ्या दुकानात झालेलं सर्वांत बिनचूक कार्ड एका खोंडाचं आहे, हे मी हसत सांगतो, पण त्यातली खोच ऐकणाऱ्याला कळते. घाटात घड्याळ लागतं म्हणून बैलाचा इतिहास राहतो. फडात हलगी वाजते, फेटा बांधला जातो, इनाम पुकारलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी कमिटीच्या वहीत काय उरतं? इनामाची रक्कम. कारण तिचा हिशेब द्यायचा असतो.

आमच्या गावाचं नाव परदेशी शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. बोरीला कुकडीच्या काठाला ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तो जगापुढे आणला. ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुनी, यावर त्यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालला. नदीने थर जपून ठेवला म्हणून वाद तरी घालता आला. त्याच नदीच्या काठी, माझ्या वडिलांच्या देखत झालेल्या एका गाजलेल्या कुस्तीचं साल विचारा. चार म्हातारे पाच सालं सांगतात, आणि कुणाचं खरं हे ठरवायला आमच्याकडे चिटोरंही नाही.

पोरांचा अनुभव मात्र चांगला आहे. एका शाळेतल्या गुरुजींनी तालुक्यातल्या खेळाडूंचा छोटा संच मागून घेतला. मला वाटलं, भिंतीवर लावतील, त्यावर धूळ बसेल. पोरांनी त्याचा ट्रम्प खेळ केला. मागे आकडे आहेत म्हटल्यावर दुसरं काय करणार? वजनाला वजन, सामन्याला सामना. खेळताना भांडण लागलं, कारण काही कार्डांवर ‘सामने: नोंद नाही’ असं आहे. ज्याच्याकडे ते कार्ड येतं तो हरतो. त्यातली एक पोरगी संध्याकाळी दुकानात येऊन म्हणाली, “दादा, आमच्या आजोबांच्या कार्डावर नोंद नाही लिहिलंय. मी त्यांना विचारून आणते, मग टाकाल?” मी म्हटलं, कागद आण, नाहीतर दोन साक्षीदार आण. ती खरोखर आजोबांच्या बरोबर खेळलेल्या दोघांना घेऊन आली, आणि पुढच्या छपाईत त्या कार्डावर साल आलं.

मी छापणारा माणूस आहे, इतिहासकार नाही. तरी या कामातून माझं मत पक्कं झालं आहे. आपण खेळाडूचा सत्कार करण्यात कमी पडत नाही. शाल, श्रीफळ, फेटा, चौकात फ्लेक्स, सगळं मनापासून करतो. कमी पडतो ते लिहिण्यात. सत्काराने माणूस एक दिवस मोठा होतो, आणि तीस वर्षांनी त्याच्या नातवाला विचारलं तर ‘आमचे आजोबा मोठे पैलवान होते’ या पलीकडे त्याला सांगता येत नाही. कार्ड ही काही मोठी वस्तू नव्हे, पण ते करायला बसलं की कधी, कुठे, कुणाशी, किती, ही चार उत्तरं द्यावीच लागतात.

म्हणून जत्रा कमिट्यांना, तालमींना आणि कबड्डी-खो-खोच्या मंडळांना एक विनंती. पावतीपुस्तकाच्या ऑर्डरीबरोबर एक नोंदवही मागा. फडातल्या प्रत्येक कुस्तीला एक ओळ: तारीख, दोघांची पूर्ण नावं आणि गावं, वजन, निकाल, लागलेला वेळ, डाव. कबड्डीच्या स्पर्धेला गुणपत्रिका तीन प्रतींत, त्यातली एक मंडळाकडे. ग्रुप फोटो निघाला की मागे पेन्सिलीने डावीकडून नावं आणि साल. घरात जुना खेळाडू असेल तर त्याला या सुट्टीत समोर बसवा आणि विचारा, जिंकलेलं विचारा तसं हरलेलंही विचारा. वहीचे तक्ते आखून, छापून देण्याचे मी पैसे घेत नाही. भरायची जबाबदारी तेवढी तुमची.